नखातले पाणी

मुळापासून पंधरा मिलिमीटरवर एक आडवी खाच होती. तिची खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. नुसत्या डोळ्यांना ती दिसली नसती, पण सूक्ष्मदर्शकाखाली नखाच्या त्या पट्टीवर ती नांगराच्या तासासारखी स्पष्ट होती. पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. मोठे आजारपण आले किंवा माणसाने बरेच दिवस अन्न टाकले, की ही वाढ थांबते आणि पुन्हा सुरू होताना नखावर खाच सोडून जाते. पंधरा भागिले दीड. दहा महिने.

सुलभा पाटोळेने भिंगावरून डोळा काढला. नमुन्यावर नाव नव्हते, कधीच नसे. फक्त संकेतांक आणि गट: वाघदरा, वरची वस्ती. दहा महिन्यांपूर्वी, चैत्रात, वरच्या वस्तीतल्या एका म्हातारीने सून गेल्यावर अंथरूण धरले होते आणि बावीस दिवस पेजेपलीकडे काही घेतले नव्हते. त्यातले चार दिवस सुलभा तिच्या उशाशी होती.

ठकूमावशी. आई गेल्यावर सहा वर्षांच्या सुलभाला कडेवर घेऊन डोंगर चढलेली आणि बी.एस्सी. होईपर्यंत तिला आपल्या मुलाच्या बरोबरीने वाढवणारी.

पडद्यावर निकाल उमटला. सर्वसाधारण निवास: सागरी पट्टा. शिफारस: नाव वगळावे.

मावशीने आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता.

मतदार यादीत नाव हवे तर माणूस त्या जागी सर्वसाधारणपणे राहणारा असावा, ही अट जुनीच. ती सिद्ध कशी करायची याचे भांडण मात्र कधी मिटले नव्हते. वीजबिल बनवता येते, भाडेकरार बनवता येतो, एकाच माणसाचे नाव चार गावांत लावता येते. मग कुणाच्या तरी ध्यानात आले की माणूस कुठे राहतो हे त्याचे शरीरच लिहून ठेवते.

पाण्यातला ऑक्सिजन सगळा सारखा नसतो. दर हजार अणूंमागे दोन अणू जरासे जड असतात. समुद्रावरून निघालेला ढग बरसू लागला की जड अणूंचे पाणी आधी गळून पडते. घाट चढून पलीकडे येईतो ढगात उरते ते हलके. म्हणून कोकणातले पाणी जड, आणि पूर्वेकडे जावे तसे ते हलके होत जाते. हा फरक जिभेला कळत नाही, यंत्राला कळतो. प्यालेल्या पाण्यातला हा ऑक्सिजन थोड्या अंशाने नखात जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. अंगठ्याच्या नखावरून मुळापासून टोकापर्यंत एक बारीक पट्टी काढली, की हा माणूस कोणत्या महिन्यात कोणत्या मुलखाचे पाणी पीत होता याची वर्षभराची रोजनिशी हाती येते.

राज्यभरातल्या विहिरी, तलाव आणि नळ यांचे नमुने घेऊन जलनकाशा तयार झाला. वाघदऱ्याच्या सार्वजनिक विहिरीची बाटली सुलभानेच भरली होती, नियमाप्रमाणे, दोरीला भांडे बांधून, पृष्ठभागाखाली दोन हातांवरून. त्या कामात एकही चूक नव्हती. दर दोन वर्षांनी यादी नव्याने होई आणि सगळ्यांची नखे पुन्हा तपासली जात; नख नकाशाशी जुळले तर नाव राही, नाही तर जाई. शेजाऱ्याची साक्ष, शाळेचा दाखला, सरपंचाचे पत्र यांना किंमत उरली नाही. पहिल्याच फेरीत लाखो बोगस नावे गळाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुलभानेही वाजवल्या होत्या.

त्याच फेरीत वरच्या वस्तीच्या सहाशे चार मतदारांपैकी तीनशे अठरा जण गळाले. कुणाला नवल वाटले नाही. वस्तीतली माणसे वीटभट्ट्यांवर, आंब्याच्या बागांत कामाला कोकणात उतरतात, हे तालुक्याला ठाऊक होते. यंत्राचे म्हणणे पटण्यासारखे होते, आणि पटण्यासारख्या उत्तरातली चूक शोधायला सहसा कुणी जात नाही.

सुलभा गेली होती, कारण त्या तीनशे अठरांत मावशीचे नाव होते. तीस वर्षांत मावशी तालुक्याच्या बाजारापलीकडे गेली नव्हती. म्हणजे एक तरी नख खोटे बोलत होते, किंवा नख खरे बोलत होते आणि ऐकणाऱ्याला ते कळत नव्हते.

वस्तीला दर सहाव्या दिवशी टँकर येई. तो त्याच विहिरीवर भरायचा. सुलभाने मावशीच्या दारातल्या रांजणातून सहा दिवस रोज एक बाटली भरून आणली. पहिल्या दिवशीचे पाणी विहिरीशी तंतोतंत जुळले. दुसऱ्या दिवशीचे थोडे सरकले. भाजलेल्या मातीच्या अंगातून पाणी पाझरते आणि उडून जाते, म्हणून तर रांजण गार राहतो. उडून जाताना हलके पाणी आधी जाते. सहाव्या दिवशी तळाशी जे उरले होते, त्यात जड ऑक्सिजन एवढा वाढला होता की जलनकाशावर ते पाणी थेट कोकण किनाऱ्याला जाऊन पोचले.

गावाच्या खालच्या आळीत नळ होते, स्टीलच्या टाक्या होत्या, फ्रीज होते. तिथली नखे विहिरीशी जुळत. वस्तीतही ज्यांच्याकडे झाकणाचे प्लास्टिकचे पिंप होते, ते वाचले होते. यंत्र माणूस कुठे राहतो ते सांगतच नव्हते. त्याला पाणी कशात आणि किती दिवस साठवून प्यावे लागते, ते सांगत होते.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची.

सुलभा काम करायची त्या तपासणी केंद्राचे प्रमुख डॉ. भालेराव यांनी तिचे आकडे दोनदा तपासले होते. मग चष्मा काढून ते म्हणाले होते, "बरोबर आहे. सुंदर काम केलंस, सुलभा."

"मग सर, कळवायचं ना लगेच? पाणीयोजनेचं मतदान तीन आठवड्यांवर आलंय."

"कळवू ना. पण कसं, ते महत्त्वाचं. आज एक वस्ती चुकली म्हटलं, तर उद्या अख्खा जिल्हा दारात उभा राहील. त्यात खरे बोगसही असतील, आणि मग कुणाला काय सांगणार? चाचणीच्या पुढच्या आवृत्तीत आपण साठवलेल्या पाण्यासाठी दुरुस्तीचा गुणक घालू. गाजावाजा न करता. दोन वर्षांनी त्यांची नावं आपोआप परत येतील."

तिला ते पटले होते. नोकरी तेव्हा हंगामी होती, हेही खरे. पण पुढे तिने स्वतःला जेव्हा जेव्हा खोदून विचारले, तेव्हा तिला आठवले ते एवढेच की 'सुंदर काम' हे शब्द ऐकून ती खूश होऊन घरी गेली होती.

योजनेची पहिली वाहिनी वरच्या वस्तीला न्यायची की खालच्या आळीलगतच्या नव्या प्लॉटांना, यावर गावाने मत दिले. प्लॉट एक्केचाळीस मतांनी जिंकले. वस्तीला टँकर राहिला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो सहाव्याऐवजी नवव्या दिवशी येऊ लागला. आठव्या दिवशी रांजण कोरडे पडत. मग बायका डोंगराच्या कुशीतल्या जुन्या बारवेत उतरत. चैत्रातल्या एका सकाळी मावशीची सून अलका तिथल्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. तिला वर काढायला दोन तास लागले.

पुढची आवृत्ती आली. गुणक तिच्यात नव्हता. "समितीपुढे आहे," भालेराव म्हणाले. सुलभाने पुन्हा विचारले नाही. आधी नोकरीची भीती होती. ती आता उरली नव्हती, कारण तिला कायम केले होते. आता जे होते त्याला भीती म्हणता येत नव्हते. यंत्र चुकले एवढे सांगून भागणार नव्हते. कधी कळले तेही सांगावे लागणार होते, आणि ते मावशीला ऐकू जाणार होते.

सात-आठ दिवस रांजणात राहिलेले पाणी सहा दिवसांच्या पाण्याहून जड असते. दुसऱ्या फेरीत वस्तीतले चारशे सात जण कोकणात राहणारे ठरले.

*

वगळणीच्या नोटिसा निघाल्यावर एका मंगळवारी दुपारी ती वस्तीवर गेली. गुरुवारी तहसील कचेरीत हरकतींची सुनावणी होती, आणि महिन्याअखेरीस योजनेच्या दुसऱ्या वाहिनीचे मतदान.

"आली का गं सरकारची नखं कापनारी!" ठकूमावशी ओट्यावरूनच ओरडली. "ये, बस. पाय फुडं करू का? अजून नऊ बोटं ऱ्हायल्यात."

ओट्यावर चार-पाच बाया बसल्या होत्या. मावशीचा मुलगा दत्तू भिंतीला टेकून उभा होता. बायको गेल्यापासून तो फार बोलत नसे. त्याच्या हातात नाव वगळण्याची नोटीस होती.

"ताई, ह्यात लिवलंय, आई कोकनात ऱ्हाती."

"मला आपला समिंदर कसा आसतो त्यो सांगून ठेव गं सुले," मावशी म्हणाली. "उद्या कुनी इच्यारलं तर ठोकून द्याया बरं."

"आत्ते, मासळी बी खाल्ली म्हनून सांगा," शेजारची एक बाई म्हणाली.

"खाल्ली की! हितं तांदूळ मिळंना झालाय, आन नख माझं सुरमई खाऊन आलंय."

बाया हसल्या. सुलभाही हसली. दत्तू हसला नाही. मावशी उठली, रांजणात तांब्या बुडवायला पार खांद्यापर्यंत वाकली, आणि तळाचे पाणी वर काढून तिने सुलभापुढे धरले. सातव्या दिवसाचे. गार आणि थोडे मातकट. सुलभा ते सगळे प्याली.

"ताई," दत्तू म्हणाला, "तू तिथंच आसतीस. खरं सांग. मशीन चुकतंय का?"

"परवा सुनावणी आहे, दत्तू. तिथं तपासनीस सांगतील काय ते."

"तपासनीस म्हंजी कोन?"

सुलभाने तांब्याच्या काठावरून बोट फिरवले.

"म्हंजी तूच की," दत्तू म्हणाला.

"आरं, कशापायी भंडावतूस तिला?" मावशी फणकारली. "सायबाच्या हाताखालचं मानूस त्ये. तिच्या हातात आसतं तर तिनं मागंच नसतं का केलं?"

तांब्या अजून सुलभाच्या हातात होता. तो खाली ठेवताना दगडावर जरा जोरात आपटला.

मावशी तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. चालताना तिला दम लागत होता, तरी बोलणे थांबत नव्हते. "अलकी गेली तवा ग्रामसेवक मला म्हनला, म्हातारे, मतदानाला तुमची मानसं आली न्हाईत, मंग नळ कसा यील? म्या म्हनलं, आलो हुतो की बाबा. सकाळधरनं रांगंत उभे हुतो. अलकी तर नवं लुगडं नेसून आल्ती. यादीत नाव न्हाई म्हनून माघारी धाडलं. आता उभं ऱ्हायाचं ते बी मोजत न्हाईत."

"मावशी..."

"काय गं?"

ऊन कडक होते. दोघींच्या सावल्या पायांपाशी गोळा झाल्या होत्या. "काही नाही. ऊन लागेल. घरी जा," सुलभा म्हणाली.

*

बुधवारी भालेरावांनी तिला आपल्या खोलीत बोलावले. त्यांनी स्वतः उठून दार लावले, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"उद्या तुला एकच प्रश्न येईल. चाचणी ठरलेल्या पद्धतीने झाली का? हो म्हणायचं. आणि ते खरंच आहे. आहे ना?"

"आहे."

"गुणक या वेळी मंजूर होतोय. मी स्वतः समितीत आहे, शब्द देतो तुला."

"म्हणजे अजून दोन वर्षं."

"दोन वर्षं. पण कायमचं. आज तू आरडाओरडा केलास, तर चाचणीच बंद पडेल. मग पुन्हा खोटी बिलं, खोटे भाडेकरार. त्यात पहिलं नुकसान कुणाचं होतं? याच वस्त्यांचं. मतं विकत घेणारे तिथंच जातात." ते मनापासून बोलत होते, आणि तीच अडचण होती. "शिवाय सुलभा, प्रमाणपत्रांवर सह्या तुझ्या आहेत. तू बोललीस की लगेच विचारतील, कधी कळलं? काय सांगणार आहेस?"

तिच्याकडे उत्तर होते. तारखेसकट होते.

*

सुनावणीच्या दालनात पंख्याखाली वस्तीतली साठेक माणसे दाटीवाटीने बसली होती. उरलेली व्हरांड्यात. नोंदणी अधिकारी कोरगावकर मॅडम तरुण होत्या, नीटनेटक्या, आणि घाईत; दुपारी त्यांना अजून दोन गावे ऐकायची होती. सगळ्या हरकती एकत्र घेऊन पहिले नाव त्यांनी पुकारले. ठकूबाई खरात.

"तपासनीस हजर आहेत?"

सुलभा उभी राहिली.

"चाचणी निर्धारित पद्धतीनुसार झाली का?"

"झाली."

"यंत्रात काही बिघाड?"

"नाही. यंत्र व्यवस्थित आहे."

कारकुनाची बोटे कळफलकावर चालू लागली. सुलभाने दत्तूकडे पाहिले. तो आपल्या चपलांकडे पाहत होता. भिंतीलगतच्या खुर्चीत भालेरावांनी हाताची घडी सोडून पाय लांब केले.

"आजी, तुम्हाला काही सांगायचंय?" कोरगावकर मॅडमनी विचारले. "कागदपत्र असेल तर दाखवा. साक्ष चालणार नाही."

मावशी दत्तूचा हात धरून उठली. "कागुद न्हाई, बाईसायेब. आमी भांडायला आलो हुतो. पर ही पोर..." तिने सुलभाकडे बोट केले. "ही माझ्या हातची हाय. सहा वर्साची हुती तवापास्नं मी वाढिवली. म्या तिला एकच शिकिवलं. उपाशी ऱ्हा, पर खोटं बोलू नगंस. ती म्हनती मशीन बरुबर, मंग आसंल बरुबर. आमालाच काय कळत नसंल."

"म्हणजे हरकत मागे घेताय?"

"आई!" दत्तू म्हणाला.

"गप रं. आपल्यापायी तिची नोकरी जायाला नगं." मावशी मॅडमकडे वळली. "घेतो मागं. कुटं आंगठा द्यायचा?"

बाकीच्यांत कुजबुज उठली. मागून कुणीतरी म्हणाले, "ठकूआत्याच मागं घेती म्हनल्यावर आपुन काय करायचं?" कारकुनाने शाईचा पॅड उघडून टेबलाच्या कडेला सरकवला. मावशी पुढे झाली. तिने आधी उजवा, मग चुकला म्हणून डावा हात पुढे केला, आणि अंगठा लुगड्याला पुसून कोरडा केला.

"मॅडम, माझी साक्ष पूर्ण झालेली नाही," सुलभा म्हणाली.

"तुम्हाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आलीत, मिसेस पाटोळे."

"हो. ती बरोबर आहेत. पण एक प्रश्न विचारायचा राहिलाय."

"सुलभा, बस खाली," भालेराव हळू आवाजात म्हणाले.

ती बसली नाही. टेबलाला वळसा घालून ती मावशीपाशी गेली आणि शाईवर टेकत आलेला तो हात तिने धरला. हात हलका होता, तापलेला, हाडांचाच. व्हरांड्यातले लोक दारात येऊन उभे राहिले. कारकून थांबला होता.

"लिहा," ती त्याला म्हणाली. मग मावशीकडे वळली. दोन वर्षे या वाक्याची सुरुवात तिला सापडत नव्हती. आता सापडली तेव्हा ती अगदी साधी निघाली.

"मावशी, यंत्र बरोबर आहे, पण ते विचारतंय भलतंच. रांजणातलं पाणी प्यायलं की माणूस कोकणातला दिसतो. तुम्ही सगळे इथलेच आहात. हे मला आज नाही कळलं. दोन वर्षांपूर्वी कळलं, पाण्याच्या मतदानाला तीन आठवडे होते तेव्हा. अलका जिवंत होती तेव्हा. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले."